डोंगरावर न जोडलेले हात

कंबोडियातल्या त्या पवित्र डोंगरावर, नदीच्या तळाशी कोरलेल्या शिवलिंगांना सहलीतल्या सगळ्यांनी हात जोडले. आई नुसती उभी राहिली. बाबा दर्यात बुडाल्यापासून तिची देवाशी कट्टीच होती. "त्यांचं जाळं कुणाला तरी देऊन टाक," असंही ती दादाला सांगून आली होती.

दुपारी पाण्यात उंच खांबांवर उभ्या असलेल्या कोळीवाड्यात गेलो. एका घराच्या दारात म्हातारी फाटलेलं जाळं सांधत होती, पण तिचे हात कापत होते. आई चपला काढून शिडी चढली, तिच्याजवळ बसली आणि सुई घेऊन भराभर गाठी मारू लागली.

"गाठ आपलीच आहे गं," ती मला म्हणाली. मग जाळ्यावरची नजर न काढताच म्हणाली, "दादाला फोन लाव. म्हणावं, जाळं राहू दे. फाटलंय तिथं मी सांधीन."