दाढीवाला बाहुला

"फादर परत गेले, फिन्टन," पेगमावशी जिना उतरत म्हणाली. "तुझ्या आईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

वर त्याची आई, डर्व्हला, शेवटच्या घटका मोजत होती आणि पोटच्या पोराशी एक शब्द बोलायला तयार नव्हती. नवरा मॅलकी गेल्यापासून हे असंच. गेला त्या संध्याकाळी मॅलकीनं पोराला फोन केला होता, "ये जरा, तुझ्या आईशी वाजलंय." फिन्टन पबमधून हलला नाही. सकाळी बाप जिन्याखाली मान मोडून पडलेला. पाय घसरला, म्हणाले सगळे.

"चर्चमध्ये मिस्साला जायची, पण कम्युनियनचा प्रसाद घ्यायला कधी उठली नाही," मावशी म्हणाली. "मनात अढी ठेवून कसं घेणार? गाव काय आंधळं आहे? तुझ्यावरचा राग, दुसरं काय!"

अख्खं एनिस गाव त्याला हेच ऐकवायचं. ऐकून ऐकून बिचारा अर्धा झाला होता.

त्यानं कपाटातून बापाचा बोलका बाहुला काढला. दाढीवाला थोर लेखक. जिवंत होता तेव्हा बिशपांनी त्याची पुस्तकं विकू दिली नाहीत. मेल्यावर मॅलकीच्या हातात चढून दर रविवारी टीव्हीवर तो पाद्र्यांची खेचायचा, आणि पाद्रीसुद्धा पोट धरून हसायचे. घरातली भांडणंही तोच मिटवायचा. डर्व्हला अबोला धरायची तो नवऱ्याशी, लेखकाशी नाही.

बाहुल्यात हात घालताना फिन्टनला रडूच आलं. वर जाऊन आईच्या बिछान्याशी बसून त्यानं बापाचा घोगरा आवाज काढला.

"काय बाईसाहेब, पाद्र्याला हाकललंत म्हणे? माझ्या पुस्तकात घ्यायला हवं होतं तुम्हाला!"

डर्व्हला चक्क हसली.

"मेल्या, दाढी कोण विंचरतं रे तुझी हल्ली?"

"कोण विंचरणार? बरं, एक ऐका. पोराला माफ करा की आता. ‘त्या रात्री आलो असतो तर म्हातारा वाचला असता,’ हेच घोकत बसतो तो. वेड लागेल त्याला."

तिनं बाहुल्याचा इवलासा हात धरला. फिन्टनकडे बघितलं नाही.

"त्याला कसली माफी? आला नाही तेच बरं झालं," ती म्हणाली. "आला असता तर मी त्याच्या बापाला ढकललं ते बघितलं असतं त्यानं."