नाव घातलेले डबे

बारवीकडच्या पाड्यावरच्या तीस मुलांना दिवाळीचा फराळ द्यायचं ठरलं, तेव्हा माधवीने उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून स्टीलचे डबे आणले आणि सगळ्यांवर नावं घालून घेतली. सुजितचं डोकंच फिरलं. "अगं, द्यायचं पण आणि वर आपलं नाव मिरवायचं? मी नाही येणार वाटायला!"

माधवी लाडू भरत राहिली. चकल्यांसाठी डबा उचलून त्यांची लेक रोहिणी म्हणाली, "पप्पा, यावर तर 'सोनी वाघ' लिहिलंय. आणि यावर 'पदू भला'."

"तिथल्या मास्तरांकडून यादी मागवली होती," माधवी म्हणाली.

सुजित वरमला, पण माघार घेईना. "मुलांना आपापली नावं माहीत असतील की! एवढा खटाटोप कशाला?"

"माझी आई ज्यांच्याकडे भांडी घासायची, त्या बाईंनी दिलेला डबा मी शाळेत न्यायचे. त्यावर 'कुमुदिनी' असं घातलेलं होतं. वर्गातली पोरं मला सातवीपर्यंत कुमुदिनीच म्हणायची."

रोहिणी खो खो हसली. माधवीही हसली. सुजितने स्कूटरची किल्ली उचलली.

"आता कुठे निघालात? एवढे डबे भरायचेत!"

"आलोच."

कॅम्प पाचच्या दुकानात सुजितने निवडलेला नवा डबा पुढ्यात ओढून शेठने नाव घालायचं मशीन हातात घेतलं. "पूरा नाम बोलो साब. मॅडम का, फिर आपका, फिर सरनेम?"

"नको शेठ," सुजित म्हणाला. "नुसतं माधवी."