निंबाची डहाळी

वॉर्डात ऊन यायच्या आधीच रुखमाबाईनं निंबाचा पाला उकळून आणला. दवाखान्याच्या मागच्या अंगणातच निंब होता, पाला तोडायला कोणाची ना नव्हती. पाण्याचा गंज तिनं खाटेखाली ठेवला आणि फडकं पिळलं.

खाटेवर कौसल्या डोळे मिटून पडली होती. रुखमाबाईच्या भावाची लेक, आणि आता तिची सून. छातीतली गाठ काढली तेव्हा टाक्यांपाशी नखाएवढी जागा उसवली होती. आता तिथं तळहात मावेल एवढी जखम होती, कडेनं पिकल्या जांभळासारखी निळी. मोठ्या डॉक्टरांनी सडलेली कातडी दोनदा कापून काढली. दोन्ही वेळा जखम आणखी पसरली. आज सकाळी तिला तिसऱ्यांदा न्यायचं होतं. या खेपेला सगळा स्तनच काढावा लागेल, असं ते म्हणाले होते.

"जखम साफ ठेवा," असं पहिल्याच दिवशी रुखमाबाईला सांगितलं होतं. तिनं त्यात कसूर केली नव्हती. सिस्टर पट्टी सोडून द्यायची, धुणं मात्र रुखमाबाईचं. काठाला जरा खपली धरली की घाण समजून ती पुसून काढायची. कौसल्या दात आवळून घ्यायची, पण आत्याला थांब म्हणायची नाही.

शेजारच्या खाटेवर वच्छलाबाई होत्या, घाटंजीकडच्या कास्तकाराची बायको. पाय प्लास्टरात, तोंड मोकळं.

"अजून सांगते तुले, रुखमे. मरीआईले कोंबडं कबूल कर. देव नदीत सोडले तुमीनं, ते काय उगीच गप बसतीन?"

दीक्षा घेतली त्या वर्षी रुखमाबाईनं घरचे देव टोपल्यात घालून स्वतः नदीवर नेले होते.

"म्याच सोडले, बाई. आता कोन्त्या तोंडानं बोलावू?"

"तोंड पाह्यत नाई ती. कोंबडं पाह्यते."

रुखमाबाई हसली. पण काल दुपारीच तिनं मनाशी ठरवलं होतं, पोरगीला आज कापायला नेलंच तर मरीआईला कोंबडं बोलायचं. नवऱ्याला, पोराला, कोणालाच सांगायचं नाही.

तिनं फडकं उचललं तेवढ्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. नागपूरहून नुकत्याच बदलून आलेल्या. बायका त्यांना इंदुताई म्हणत.

"थांबा. ते खाली ठेवा."

इंदुताईंनी जखमेकडे पाहिलंच नाही. त्यांनी कौसल्याच्या दंडावरची बाही वर सारली. तिथं पावलीएवढा व्रण होता. कडेनं निळा.

"इथं काय झालं होतं?"

"सुई देल्ली होती," रुखमाबाई म्हणाली.

"इथं कोणी कापलं? घाण लागली?"

"नाई. निस्ती सुई."

"मग छातीवर जे आहे तेच इथं कसं?"

रुखमाबाईनं वाकून पाहिलं. दंडावर आणि छातीवर. तोच रंग, तशीच आत खचलेली कड.

"हिची कातडी दुखावली की चिडते," इंदुताई म्हणाल्या. "अशी माणसं फार थोडी. सुई टोचली तरी चिडते, मग चाकूनं काय होईल? जितकं कापू, जितकं घासू, तितकं वाढणार. मोठ्या डॉक्टरांशी मी बोलले. आज न्यायचं नाही. गोळ्या सुरू करू."

रुखमाबाईच्या हातातलं फडकं अजून गरम होतं.

"मंग म्या पुसत होती ते?"

"तुम्ही पुसलंत. आम्ही दोनदा कापलं. आमचा वाटा मोठा."

"बरी होईन पोरगी?"

"वाटतं."

"वाटते म्हंजे?"

"म्हणजे वाटतं. गोळ्या लागू पडतात का ते पाहायचं. तोवर पट्टी मी स्वतः बदलेन. तुम्ही काही करायचं नाही."

"काईच नाई?"

"हात लावायचा नाही."

पट्टी बांधून त्या गेल्यावर रुखमाबाईनं गंज उचलून बाहेर नेला आणि पाणी मोरीत ओतलं. परत येऊन खाटेशी बसली. हात मांडीखाली घातले, काढले, पदर नीट केला, पुन्हा मांडीखाली घातले.

"आत्या," कौसल्या डोळे न उघडता म्हणाली, "आज दुखलं नाई."

"काईच केलं नाई त कायले दुखंल."

दुपारी वारा पडला. पट्टीच्या वासावर माशा आल्या. कौसल्या मान हलवू लागली. रुखमाबाईचा हात उठला आणि पट्टीच्या वर वीतभर अंतरावर थांबला. मग ती उठली, अंगणात गेली आणि निंबाची एक लांब डहाळी मोडून घेऊन आली. उशाशी उभी राहून सुनेच्या अंगावरून ती हलके हलके फिरवू लागली. एकही पान पट्टीला लागू दिलं नाही.

वच्छलाबाई कोपरावर टेकून उठल्या. देवी आलेल्या पोरावरून अशीच डहाळी फिरवतात, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"बोलावलंच म्हणा तिले शेवटी."

रुखमाबाईचा हात थांबला नाही.

"माशा हाकलून राह्यली, बाई," ती म्हणाली. "तुमच्याबी पायावर लय बसल्या. इकडचं झालं की येते तिकडं."