ताईचा दोरा

ताई पुस्तकं बांधते. पानं शिवलेली नसतात तोवरच पुस्तकात शिरता येतं आणि बाहेरही पडता येतं. म्हणून आमचा नियम होता: एक आत गेली, की दुसरीने सुईला हात लावायचा नाही.

"जा गं, चहा निवायच्या आत ये," ताई हसून म्हणाली.

आतल्या गावात मी जेमतेम दहा पावलं चालले असेन, तोच आभाळाला एक भोक पडलं. मग तेवढ्याच अंतरावर दुसरं. तिसऱ्यातून मेण लावलेला दोरा खाली आला.

मी ताईला हाक मारली. दोरा थांबला.

"पुस्तकातून कोणी बोललं का?" बाहेर गिऱ्हाइकाने विचारलं.

"छे हो," ताई म्हणाली. "आत कोण असणार?"

दोरा दोनदा ओढला गेला. गाठ मारण्याआधी ताई नेहमी तसंच करते.