पहिली पाहुणी

उद्या पाया खणायचा, म्हणून कामशातनं कझाक माळावर पांढरी दोरी टाकून आपलं पर्यटनकेंद्र आखलं होतं. मातीच्या भिंती, लोकरीचं छप्पर, उन्हावर चालणारे दिवे. माळाला ओरखडाही उठणार नाही, हे सगळ्यांना पटवण्यात तिची वर्षं गेली होती. पहाटे धुक्यातून एक गाभण सायगा हरणी तरंगत आली, तशी वडिलांनी कामशातला गवतात खाली ओढलं. हरणी दोरीनं आखलेल्या दारातून आत शिरली, दारासमोर पाहुण्याला बसवतात त्या मानाच्या जागी टेकली आणि तिथंच व्याली. “बसली तुझी पहिली पाहुणी,” वडील पुटपुटले. “बाबा, आज यंत्रं येतायत.” “चहा तरी विचार तिला, मग हाकल.” दोरीचं टोक कामशातच्या हाताशीच होतं. ते ती हळूहळू ओढू लागली. भिंती गेल्या, दार गेलं. पाडसाला चाटणाऱ्या हरणीला पत्ताही लागला नाही.