मासळी कुणी विकायची
फारकतीच्या शेवटच्या तारखेला, अलिबागच्या कोर्टाबाहेर भाविकाने करारात एक बदल करायचाय म्हटलं आणि विनेश तावातावाने पुढे सरसावला. घर तिला, बोट त्याला, असं ठरलं होतं. आता ही बोटीत वाटा मागणार!

"बोट त्याचीच राहू दे," ती म्हणाली. "पण तिची मासळी आजवर मीच विकली, पुढंबी मीच विकणार. एवढं लिवा."

तिच्या वकीलबाई वैतागल्या. "म्हणजे बोट येईपर्यंत बंदरावर ताटकळायचं, वर यांचंच तोंड बघायचं! रेवदंड्यात बोटी काय कमी आहेत? दुसऱ्या कुणाची मासळी विका की."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच भाविकाने विनेशकडे पाहिलं.

"मासळी कुणाचीबी विकीन, मॅडम. पण वाट कुणाची बघू?"