एग्बर्टचा स्वच्छ फोटो

"वरच्या कोपऱ्यातल्या विटा पुसट आल्यात," फ्रीडहेल्म म्हणाला, आणि सगळे पडद्याकडे झुकले.

जर्मनीतल्या वेट्झलार गावच्या कॅमेरा क्लबात नव्या महागड्या लेन्सची परीक्षा चालली होती. परीक्षा नेहमी विटांच्या भिंतीवर व्हायची. भिंत हलत नाही, डोळे मिटत नाही आणि फोटो वाईट आला म्हणून रुसत नाही.

तेवढ्यात दार उघडून काळ्या कोटातली रोझविथा आत आली. तिचा नवरा एग्बर्ट, क्लबाचा जुना सभासद, परवाच गेला होता. सगळे उठून उभे राहिले.

"बसा हो," ती म्हणाली. "चर्चमध्ये शवपेटीपाशी ठेवायला त्याचा एक फोटो हवाय. घरी फोटो काढायचा तोच, म्हणून तो कशातच नाही. पासपोर्टवरचा आहे, पण त्यात तो पकडलेल्या चोरासारखा दिसतो. तुमच्याकडे ढीगभर असतील."

लॅपटॉप उघडले गेले. भिंती निघाल्या. धुराडी निघाली. भिंतीवर धरलेली वर्तमानपत्रं निघाली. एकाच्या कडेला कुणाचा तरी अंगठा होता. "हा एग्बर्टचाच असणार," असं फ्रीडहेल्म म्हणाला आणि मग स्वतःच ओशाळला. रोझविथा हातमोजे मुठीत धरून वाट बघत राहिली.

अखेर क्लबाचा अध्यक्ष हार्टविग याला एक सापडला. भिंतीपुढे उभा एग्बर्ट, कशावर तरी मनापासून हसणारा.

रोझविथाचे डोळे भरून आले. "हाच द्या."

हार्टविग अवघडला. कित्येक वर्षं दर गुरुवारी तो आणि एग्बर्ट शेजारी शेजारी बसत. अशा मित्राला शेवटचा निरोप देताना असला सदोष फोटो लावायचा, हे त्याच्या मनाला पटेना.

"हा नका नेऊ, रोझविथा," तो हळूच म्हणाला. "डाव्या गालावर काळा ठिपका आलाय, बघा. लेन्सच्या आत कण अडकलाय. याच फोटोवरून मी ती लेन्स दोनदा कारखान्याकडे परत पाठवली. ते म्हणतात, लेन्समध्ये काही नाही. ते कशाला कबूल करतील?"

खात्री पटावी म्हणून त्याने फोटो मोठा केला. पडदाभर एग्बर्टचा गाल पसरला. रोझविथाने पुढे होऊन ठिपक्यावर बोट ठेवलं.

"तो तीळ आहे, हार्टविग," ती म्हणाली. "जन्मापासूनचा."